सातव्या होलचं पाणी

कप्तान येतोय ही बातमी मिग्दालियाला गोल्फच्या मैदानावर पैसे घेणाऱ्या पापोने दिली, आणि तीही तिच्याच औषधाच्या दुकानात, चार गिऱ्हाईकं समोर उभी असताना.

"आठवडाभरासाठी येतोय," रक्तदाबाच्या गोळ्यांची पुडी खिशात टाकत पापो म्हणाला. "घर विकायचंय ना. लेक बरोबर आहे. मला फोन करून म्हणाला, गुरुवारी सकाळी खेळायला आमच्या दोघांचं नाव लावून ठेव."

"आमच्या म्हणजे कुणाच्या?"

"आता हे मला विचारतेस? माझं नि त्याचं तर नक्कीच नाही." पापो गालात हसला. "आरशात बघ जरा. गोळ्या मला देतेयस, पण गरज तुलाच आहे असं दिसतंय."

रांगेतली एक बाई खुदकन हसली. मिग्दालियाने पुढच्या माणसाच्या हातातली चिठ्ठी घेतली. दोनदा वाचूनही औषधाचं नाव काही डोक्यात शिरेना.

कप्तान म्हणजे एरिबेर्तो नासारियो. खरं तर तो कुठल्या एका जहाजाचा कप्तान कधीच नव्हता. बेटाच्या राजधानीत, सान हुआनच्या बंदरात बाहेरून मोठं जहाज आलं की छोट्या बोटीतून त्याच्यापर्यंत जायचं, दोरीच्या शिडीने वर चढायचं, आणि तिथल्या परक्या कप्तानाच्या शेजारी उभं राहून त्या अवजड धुडाला बंदराच्या अरुंद तोंडातून सुखरूप आत आणायचं, हे त्याचं आयुष्यभराचं काम. लाटा उसळलेल्या असोत की धुकं असो, आपण आणलेल्या एकाही जहाजाला ओरखडा उठला नाही, असं तो सांगे. बढाई म्हणून नाही, हवापाणी सांगावं तसं. निवृत्त झाल्यावर तो आणि त्याची बायको नोएमी मिग्दालियाच्या गावी, लुकिय्योला, समुद्राकाठी राहायला आली. वर्षभरातच नोएमीच्या सांध्यांनी संप पुकारला, आणि ती खुर्चीला खिळली.

मिग्दालियाची ओळख आधी नोएमीशी झाली. औषधं घरपोच द्यायला जावं, तर नोएमी कॉफी पाजल्याशिवाय सोडायची नाही. मिग्दालियाचा नवरा फार पूर्वी न्यूयॉर्कला गेला होता, कामासाठी म्हणून, आणि तिथे त्याला काम सापडलं तशी दुसरी बायकोही सापडली. त्यावर बोलून झालं, हसून झालं, मग एके दिवशी नोएमी म्हणाली, "बाई, तू ते गोल्फ का काय ते खेळतेस ना? मग माझ्यावर एक उपकार कर. या माणसाला घेऊन जा. दिवसभर माझ्यासमोर बसतो आणि मी श्वास घेतेय की नाही यावर पहारा देतो. जहाजांना बरं वाटत असेल असं बघितलेलं, मला नाही वाटत."

तेव्हापासून दर गुरुवारी सकाळी मिग्दालिया आणि कप्तान खेळायला जाऊ लागले. मैदान काही श्रीमंतांचं नव्हतं. जुन्या नारळीच्या बागेत आखलेलं, एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला युंकेचा हिरवागार डोंगर, ज्याच्या माथ्यावरचा ढग कधी हलायचा नाही. मधोमध खाजणाचं पाणी सगळीकडे बोटं पसरून बसलेलं. कुठल्याही होलवर उभं राहिलं की डावीकडे नाहीतर उजवीकडे पाणी असायचंच. सातव्याला तर सरळ समोर. चेंडू मारायचा तो पाण्यावरून, पलीकडच्या छोट्या हिरवळीवर. ज्याला छाती नसेल त्याने काठाकाठाने वळसा घालून जावं, एक फटका जास्त घ्यावा.

कप्तान नेहमी वळसा घालायचा. मिग्दालिया नेहमी पाण्यावरून मारायची. तिचे किती चेंडू त्या पाण्याने गिळले, देव जाणे.

"पाण्याशी पैज लावू नये," तो म्हणायचा.

"मग खेळायचं कशाला? घरी बसून डोमिनो खेळा की," ती म्हणायची.

खेळ संपला की दोघं नोएमीकडे जायची. ओसरीत कॉफी आणि गरम बटाटवड्यासारखी लागणारी कंदाची आल्कापुरिया खात सगळा डाव तिला सांगायचा. कुणाचं काय चुकलं, कुठला इग्वाना सरडा हिरवळीवर आडवा पडला होता, पापो काय बरळला. नोएमी हसून हसून डोळे पुसायची. कधी ती दोघांकडे जरा जास्तच वेळ बघत राहायची, आणि मग म्हणायची, "साखर वाढ गं माझ्या कपात." एवढंच.

आणि त्या सगळ्या वर्षांत कप्तान तिला 'तुम्ही' म्हणायचा आणि ती त्याला 'तुम्ही'. ज्या गावात नळ दुरुस्त करायला आलेला माणूस दहा मिनिटांत अरेतुरे करतो, त्या गावात. लोकांना गंमत वाटायची. त्या दोघांना मात्र ते 'तुम्ही' कुंपणासारखं लागायचं. कुंपण असलं की जवळ उभं राहता येतं.

नोएमी झोपेतच गेली. मिग्दालियाने मनाशी ठरवलं, वर्ष जाऊ द्यायचं. लोकांच्या तोंडाला निमित्त नको, आणि नोएमीच्या आठवणीलाही मान हवा. वर्षभर गुरुवार चालू राहिले, पण ओसरीतली कॉफी थांबली. दोघं मैदानावरूनच आपापल्या घरी जायची. तिच्या आईने, प्रोविदेन्सियाबाईंनी, एकदा भाजी चिरता चिरता सुनावलं, "वर्ष पाळायला ती काय तुझी सवत होती? त्या बिचारीनेच तर तुझ्या हाती दिलंय त्याला."

"आई, तू गप्प बस."

"बसते. मला काय, मी एक दिवस कायमचीच गप्प बसणार आहे."

वर्ष भरत आलं होतं, आणि वादळ आलं.

त्या वादळाबद्दल तिथल्या माणसांना विचारलं तर ती फार बोलत नाहीत. छपरं गेली, वीज गेली, नळ कोरडे पडले, आणि सकाळी उठून बघावं तर डोंगर तपकिरी. एकाही झाडावर पान नाही. हे असं महिनोन्‌महिने. विमानं सुरू झाली तशी कप्तानची मुलगी इवेलिस ओरलँडोहून आली आणि बापाला घेऊन गेली. निघताना तो मिग्दालियाच्या दुकानाशी आला होता. बाहेर जनरेटर धडधडत होता, इन्सुलिनसाठी लोकांची रांग लागली होती. तो दारात उभा राहून काहीतरी म्हणाला. त्या आवाजात तिला ऐकू आलं नाही. तिने मान हलवली, त्यानेही हलवली, आणि तो गाडीत बसला. पुढची काही वर्षं ती रात्री अंथरुणावर पडली की त्याचे ओठ आठवून आठवून बघायची, काय म्हणाला असेल.

सणासुदीला फोन व्हायचे. पण फोनवर इवेलिस शेजारी असायची, आणि बोलणं प्रोविदेन्सियाबाईंच्या गुडघ्यांपलीकडे जात नसे.

गुरुवारी ती वेळेआधीच मैदानावर पोचली. आधी नवा निळा सदरा घातला होता, मग वाटेत गाडी थांबवून आरशात बघितलं, आणि घरी परत जाऊन जुना घातला.

इवेलिसची गाडी आली. कप्तान उतरला. पांढरा सदरा, गवती टोपी, तीच ताठ मान. पण दार बंद करताना त्याचा हात दाराची कड चाचपत गेला. तो तिच्या दिशेने आला आणि तिच्या चेहऱ्याच्या जरा बाजूला बघून हसला. मिग्दालिया औषधवाली होती. तिला लगेच कळलं, आणि ती होती तिथेच थांबली.

"घाबरू नका," तो म्हणाला. "डोळ्यांच्या मधोमध डाग पडलाय. कडेकडेचं दिसतं. तुमच्याकडे बघायचं तर मला तुमच्या कानामागे बघावं लागतं. तुम्हाला वाटेल मागे कुणी सुंदर बाई उभी आहे."

"फोनवर बोलला नाहीत कधी."

"फोनवर डोळ्यांचं काय काम?"

इवेलिसने मिग्दालियाला जरा बाजूला घेतलं. थकलेली दिसत होती पोरगी. "डोळ्यात दर महिन्याला इंजेक्शन घ्यावं लागतं, मावशी. तरी कमीच होत चाललंय. मी नको म्हटलं होतं, पण हट्टाला पेटलेत. उन्हात फार ठेवू नका. मी घराचं काम उरकून न्यायला येते." मग ती थांबली, आणि हळूच म्हणाली, "इतक्या दिवसांत त्यांनी मला एवढी एकच गोष्ट मागितली."

पापोने आपल्या खोपट्याच्या खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "कप्तान, मैदान आता अर्धंच राहिलंय. मागचे नऊ होल पाण्यानं आणि सरड्यांनी वाटून घेतले. तुम्हीही अर्धेच बघता, म्हणजे हिशोब बरोबर बसला."

"तुझी जीभ मात्र पूर्ण राहिली, पापो."

"तिला वादळ शिवत नाही."

पहिल्या होलवर मिग्दालिया त्याच्या मागे उभी राहिली, खांद्यांना धरून तिने त्याला सरळ केलं, आणि काठीचं टोक चेंडूच्या मागे नेऊन ठेवलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिने त्याला असा हात लावला होता. सदऱ्याखाली खांद्याची हाडं वर आली होती. त्याने मारलं. फटका जुनाच होता, सावकाश आणि नीट.

"कुठे गेला?"

"मधोमध. जरासा उजवीकडे."

"नारळाच्या त्या जोडीजवळ?"

"हो," ती म्हणाली.

नारळाची जोडी आता नव्हती. तिथे दोन बुंधे होते गुडघ्याएवढे. पण 'हो' तोंडातून निघून गेलं, आणि एकदा निघाल्यावर पुढचीही 'हो' निघत गेली. त्याला मैदान डोक्यात पाठ होतं, जसं बंदर पाठ होतं. तो विचारायचा, ती उभं करायची. दुसऱ्या होलवरची बोगनवेल, तिसऱ्याच्या कोपऱ्यातलं बगळ्यांचं झाड. तिलाही बरं वाटत होतं. त्याच्या शेजारून चालताना ते सगळं खरोखरच जागच्या जागी असल्यासारखं वाटत होतं.

चौथ्या होलवर तो थांबला. "चला, बदामाखाली बसू जरा. नेहमीसारखं."

जंगली बदामाचं ते पसरलेलं झाड मुळासकट खाजणात पडलं होतं. आता तिथे रखरखीत ऊन होतं.

"बदाम..." ती म्हणाली.

"नाही ना?" तो शांतपणे म्हणाला. "मघापासून ऐकतोय. एवढा वारा सुटलाय समुद्रावरून आणि एकही पान वाजत नाही. नारळ तरी आहेत का?"

"नाहीत."

"बोगनवेल?"

"नाही."

"मग आपण कुठे चालतोय, हे तरी सांगा."

मग तिने सांगितलं. जे आहे ते. पाणी कुठवर वाढलंय, कुठे समुद्राने वाळू आणून टाकलीय, कुठे गावच्या लोकांनी मिळून नवी रोपं लावलीत आणि ती कमरेएवढी झालीत. तो मान तिरकी करून ऐकत होता. मध्येच म्हणाला, "पाणी एवढं आत आलं?" आणि पुढची जमीन काठीने चाचपत चालू लागला. तिला वाटलं, खोटंच बरं होतं.

सातव्या होलवर पोचले तेव्हा ऊन चढलं होतं. समोर पाणी पूर्वीपेक्षा रुंद, तपकिरी, स्तब्ध. पलीकडे हिरवळीवर लाल निशाण. तिने सवयीने त्याला काठाच्या वाटेकडे वळवायला हात धरला. त्याने तो हळूच सोडवला.

"आज सरळ मारणार."

"तुम्ही?"

"मी. दिसतच नाही तर घाबरायचं कशाला? लांबची काठी द्या."

तिने दिली. त्याला उभं केलं, दिशा लावून दिली. वाऱ्याचा झोत जाईपर्यंत तो थांबला आणि त्याने मारलं. चेंडू सुरेख उठला. इतका सुरेख, की मिग्दालियाने श्वास रोखून धरला. लाल निशाणाकडे तो जात राहिला, जात राहिला, आणि हिरवळ वावभर राहिली असताना खाली आला. डुबुक.

"पोचला?" त्याने विचारलं. त्याचा चेहरा उजळला होता.

"पोचला," मिग्दालिया म्हणाली. "अगदी काठावर. पण पोचला."

त्याने काठी परत दिली. तिने आपला चेंडू मारला, तो व्यवस्थित पलीकडे गेला, आणि तिला त्याचा जराही आनंद झाला नाही. लाकडी पुलावरून दोघं गेली. त्याचा हात तिच्या कोपरावर होता. पुढे होऊन तिने खिशातला एक चेंडू गवतात ठेवला आणि म्हणाली, "हा बघा, इथे आहे." त्याने तो हलकेच हिरवळीवर ढकलला, आणि तिने दाखवलेल्या रेषेवरून तिसऱ्या-चौथ्या प्रयत्नात होलमध्ये घातला. चेंडू तळाशी खुळखुळला. त्याने वाकून बाहेर काढला, बोटांनी फिरवून बघितला, आणि तसाच हातात धरून उभा राहिला.

"मिग्दालिया," तो म्हणाला, "खोटं कशाला बोललीस?"

तिला आधी ऐकू आलं ते 'बोललीस'. खोटं हा शब्द मागाहून पोचला.

"धुक्यात जहाज आणताना मी पाण्याचा आवाज ऐकायचो," तो म्हणाला. "चेंडू बुडलेला मला कळणार नाही होय?"

"मग खेळलात कशाला पुढे?"

"तुझा आवाज ऐकून. 'पोचला' म्हणालीस तेव्हा असं वाटलं, की माझ्यापेक्षा तुलाच तो पोचायला हवा होता."

हिरवळीच्या कडेला एक बाक होता. मिग्दालिया त्यावर बसली. तोही चाचपत येऊन बसला, मध्ये एका माणसाची जागा सोडून. पाण्यावर एक बगळा उतरला आणि पावलं मोजल्यासारखा चालू लागला.

"दुकानाशी आला होतात निघताना," ती म्हणाली. "काहीतरी म्हणालात. जनरेटरमुळे ऐकू आलं नाही. काय म्हणाला होतात?"

त्याला आठवायला वेळ लागला. "डोळ्यात घालायचे थेंब मागितले होते. तेव्हापासूनच खुपत होते डोळे. तू मान हलवलीस, मला वाटलं संपलेत."

मिग्दालिया हसायला लागली. हसता हसता तिला रडू आलं आणि तिने ते लपवलं नाही, त्याला दिसणार नव्हतंच. पण त्याने खिशातून रुमाल काढून मधल्या जागेवर ठेवला.

"जे म्हणायचं होतं," तो म्हणाला, "ते जनरेटर बंद असता तरी म्हटलं नसतं. नोएमीला वर्ष व्हायचं होतं. मी वर्षाची वाट बघत होतो."

"मीही."

"मूर्ख आहोत आपण."

"तुम्ही जास्त. तुम्ही पुरुष आहात, तुम्ही बोलायचं असतं."

"कुठल्या काळातलं बोलतेस?"

"आपल्याच की."

तो हसला. मग तिने विचारलं, आडवळण न घेता, सातव्याला ती जशी मारायची तसंच. "राहाल इथे? घर विकू नका. डोळ्यांचे डॉक्टर सान हुआनलाही आहेत. मी नेईन दर महिन्याला."

"घर विकलं. काल सह्या झाल्या."

"माझं आहे."

त्याने हातातला चेंडू खिशात टाकला. "पुढच्या वर्षी कडेचंही दिसणार नाही," तो म्हणाला. "एक खुर्चीतलं माणूस मी बारा वर्षं सांभाळलं. आनंदाने सांभाळलं, पण ते काय असतं ते मला माहीत आहे. तुझ्या गळ्यात ते नाही घालणार. इवेलिस माझी लेक आहे, तिच्या गळ्यात मी जन्मतःच पडलोय. तू का येत नाहीस तिकडे?"

"आई आहे. छप्पर उडालं तेव्हा न्हाणीघरात बसून राहिली, पण शेजारच्या गावात पाऊल टाकलं नाही तिने. समुद्र ओलांडून येईल?"

"नाही यायची."

"नाही."

म्हणजे झालं होतं सगळं बोलून. मिग्दालियाने आयुष्यात पुष्कळदा या क्षणाची कल्पना केली होती. कधी तो हो म्हणायचा, कधी तीच लाजून पळायची. दोघंही हो म्हणतील आणि तरी काही होणार नाही, हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं. तिने मधल्या जागेवरचा रुमाल उचलला आणि तिथे सरकून बसली. त्याने तिचा हात शोधला. पलीकडून पापो हात हलवून काहीतरी ओरडत होता, बहुतेक मागून दुसरे खेळणारे येताहेत म्हणून. दोघांनीही ऐकलं नाही असं दाखवलं.

इवेलिस आली तेव्हा दोघं खोपट्यासमोर उभी होती. तिने बापाच्या तोंडाकडे बघितलं, मिग्दालियाच्या लाल डोळ्यांकडे बघितलं, आणि गाडीचं दार उघडलं. "मावशी, तुम्ही एकदा या आमच्याकडे," ती म्हणाली. ते तिने मनापासून म्हटलं, आणि तेच मिग्दालियाला सहन होईना.

"तुझा हिशोब राहिला," कप्तान गाडीत बसता बसता म्हणाला. "आज कोण जिंकलं?"

"मी."

"किती फरकाने?"

"एका डुबुकाने," ती म्हणाली. तो हसत होता तेवढ्यात गाडी निघाली.

घरी आईने काही विचारलं नाही. भात आणि वाल वाढले, आणि मिग्दालिया ताटात नुसतीच बोटं फिरवत बसली तेव्हा म्हणाली, "मी मेल्यावर जा हो. फार दिवस नाही लावणार."

"आई, तुला माझी शपथ आहे, असं बोलू नकोस."

"मग जेव."

प्रोविदेन्सियाबाईंनी पुढे बरेच दिवस लावले, आणि मिग्दालियाने त्यातला एकही दिवस लवकर जावा असं मनात आणलं नाही. निदान, मनात आलं तेव्हा ते बाहेर हाकललं. हिवाळ्यात ती एकदा ओरलँडोला जाऊन आली, आईजवळ मावसबहिणीला ठेवून. आठ दिवस राहिली. इवेलिसने त्यांना तिथल्या मैदानावर नेलं. गवत थंडीने पिवळं पडलेलं, तळी काठ शिवून घेतल्यासारखी गोल. कप्तानने दोन फटके मारले आणि काठी परत दिली. "इथलं पाणी बोलत नाही," म्हणाला. उरलेला वेळ दोघं गाडीत बसून राहिली, आणि तिने त्याला संत्री सोलून दिली. विमानतळावर त्याने तिचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपून घेतला, लोकांसमोर, घाई न करता. आता त्याला कडेचंही दिसेनासं झालं होतं.

गुरुवार मात्र सुटले नाहीत. कल्पना त्याचीच. ती मैदानावर निघाली की फोन लावायची आणि तो सदऱ्याच्या खिशात ठेवायची. मग तो तिकडे स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसून तिच्याबरोबर चालायचा. वारा कुठून आहे विचारायचा, कुठली काठी घे ते सांगायचा, ती न ऐकल्यावर चिडायचा. लावलेली रोपं केवढी झाली हे त्याला दर वेळी सांगावं लागे. पापो तिच्या खिशाकडे तोंड करून म्हणायचा, "कप्तान, फुकटात खेळता, पैसे कोण भरणार?" आणि खिशातून उत्तर यायचं, "तुझ्या जिभेच्या खात्यात टाक."

लोक हसायचे. एक बाई आपल्या छातीशी बोलत मैदानभर फिरते म्हणून. हसू देत.

अशाच एका गुरुवारी ती सातव्या होलच्या सुरुवातीला, चेंडू मारायच्या जागी उभी होती. मागे डोंगर दिसेनासा झाला होता.

"काय झालं? मारत का नाहीस?" खिशातून आवाज आला.

"पाऊस येतोय. युंकेवरून खाली उतरलाय. मी खोपट्यात जाते पळत, मग करते फोन."

"नको. ठेवू नकोस. कुठवर आलाय?"

"चौथ्यापर्यंत. आता पुलापाशी."

तिने फोन बाहेर काढला, टोपी उतरवून त्यावर आडोसा केला, आणि तो पाण्याच्या दिशेने धरला. आधी नव्या रोपांवर तडतड झाली. मग सगळं खाजण एकदम वाजायला लागलं, या काठापासून त्या काठापर्यंत. डोक्यावरून पाणी तिच्या मानेत उतरत होतं. तिने हात हलवला नाही. "पाऊस आला, खिडकी लाव गं," तो तिकडे कुणाला तरी म्हणाला.

फोनमध्ये, दूरवर, भांड्यांचा आवाज झाला आणि इवेलिस म्हणाली, "बाबा, जेवायला चला. आणि खिडकी कशाला लावायला सांगता? बाहेर लख्ख ऊन आहे."

"इथला पाऊस नाही गं म्हणत मी," तो म्हणाला. "गप्प राहा जरा."